मागची सीट

५ जानेवारी, रविवार

ठरलं. क्रूझर मोटरसायकल घ्यायची.

बावन्न हे वय नसून नुसता आकडा आहे. (वाक्य माझं. कुठे वाचल्यासारखं वाटलं तरी माझंच.) ऑफिसात सध्या जे चाललंय त्याच्याशी याचा काडीचाही संबंध नाही. आमचं प्लॅनिंग खातं नव्या साहेबाला दिलं, दिलं. तो माझ्या भाच्याच्या वयाचा आहे, असू दे. माझं टेबल खिडकीपासून उचलून वॉटर कूलरशेजारी ठेवलं, बरंच झालं, पाणी जवळ पडतं. खोक्यांचा कारखाना तो. कुठलं खोकं कुठल्या दिवशी कुठल्या मशीनवर कापायचं, हे इतकी वर्षं मी ठरवत होतो, आता तो ठरवेल. मला त्याचं काही नाही. मला रस्ता खुणावतोय.

जेवताना जाहीर केलं. कन्येनं मोबाइलमधून डोकं वर काढून माझ्या कंबरेची चौकशी केली. बायकोनं एकच विचारलं, मागे कोण बसणार? म्हटलं, तू. ती पाण्याचा जग भरायला उठून गेली. जग भरलेलाच होता.

ते पेट्रोल पंपाचं प्रकरण हिच्या डोक्यातून अजून जात नाही. कन्या तेव्हा रांगत असेल. आम्ही दोघं स्कूटरवरून घरी येत होतो. पंपावर पेट्रोल भरायला ही उतरली, पेट्रोल भरून मी निघालो, एवढंच. ही मागे बसली असेल असं समजण्यात माझं काय चुकलं? घरापर्यंत मी हिच्याशी बोलत आलो. उत्तर येत नव्हतं, पण तेव्हा आम्ही नवीन नव्हतो, मी काही मनावर घेतलं नाही. दारात येऊन ‘उतर’ म्हटलं तेव्हा लक्षात आलं. ही रिक्षानं आली. पुढे लवकरच हिनं स्वतःची स्कूटर घेतली आणि माझ्या मागे बसणं जे बंद केलं ते आजतागायत. लोक काय काय धरून ठेवतात!

ठराव: एप्रिल संपायच्या आत ही माझ्या मागच्या सीटवर बसलेली असेल. आपणहून.

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

गाडी आली! काळी, लांब, बुटकी. शोरूमवाली म्हणाली, सर, ही गाडी प्रत्येकाला शोभत नाही. पुढचं वाक्य ती बोलली नाही, पण मला ते ऐकू आलं.

घरापर्यंत शोरूमच्या माणसानं चालवत आणली. मी मागे बसलो. त्यात कमीपणा कसला? नवी गाडी पहिल्यांदा जाणकाराच्या हातून यावी, आणि मागची सीट कशी आहे हे मालकालाही ठाऊक हवं. छान आहे. जरा घसरते. ही गॅलरीत उभी होती, तिनं हात केला. मला की त्या माणसाला, ते कळलं नाही.

आवाज असा दमदार की तळमजल्यावरच्या काकांनी खिडकी लावून घेतली.

बेसमेंटमध्ये मात्र मी स्वतः लावली. उतारावरून आपली आपणच गेली आणि भिंतीपाशी येऊन बरोब्बर थांबली. सुरक्षितता म्हणून गिअरमध्ये टाकून ठेवली. पहिल्याच दिवशी असं पार्किंग किती जणांना जमत असेल?

१३ जानेवारी, सोमवार

क्रूझरला रिव्हर्स नसतो. हे मला कोणीही सांगितलेलं नाही.

गाडीचं तोंड भिंतीला, मागे चढ, आणि वजन म्हशीचं. ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. मी हललो.

बसनं गेलो. हेल्मेट सोबत नेलं. हातात धरून ऑफिसात शिरलो आणि टेबलावर दर्शनी ठेवलं. पाणी प्यायला आलेल्या प्रत्येकानं विचारलं. (टेबलाची जागा तशी वाईट नाही.) राइड कशी झाली म्हणून विचारलं की मी नुसता हसायचो. खोटं एक अक्षर बोललो नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

गाडीला विश्रांती देतोय. नवं इंजिन सुरुवातीला जपावं लागतं. बस. हेल्मेट. कंडक्टर रोज हेल्मेटकडे बघतो आणि मग तिकीट देतो. बघू दे.

१८ जानेवारी, शनिवार

वॉचमन, तळमजल्यावरचे काका, कन्या आणि मी. घामाघूम झालो, गाडी ढिम्म. काकांनी कंपनीच्या नावानं बोटं मोडली, मीही मोडली. ही भाजीची पिशवी घेऊन जिन्याकडे चालली होती. जाता जाता म्हणाली, गिअरमधून काढा आधी.

मला माहीत होतं. सगळे दमतायत का तेवढं बघत होतो.

ठराव: यापुढे गाडी तोंड बाहेर करून लावणे. प्लॅनिंगमधल्या माणसाला हे ठरवावं लागतं याचं कन्येला फार हसू आलं. हल्लीच्या मुलांना कशाचंही हसू येतं.

२५ जानेवारी, शनिवार

इमारतीमागच्या मोकळ्या जागेत सराव. पहिला गिअर झकास. दुसरासुद्धा. वळताना गाडी आडवी झाली. पडली नाही, आडवी झाली. पडणं आपल्या हातात नसतं. गाडी मी शेवटपर्यंत हातात धरून जमिनीवर ठेवली. फक्त खाली माझा गुडघा होता.

कन्येनं व्हिडिओ काढला. डिलीट करायला लावला. तासाभरात माझ्या बहिणीचा फोन. बोलता येत नव्हतं तिला, इतकी हसत होती.

हिनं गुडघ्याला मलम लावून दिलं. गुडघा बराच वेळ धरून ठेवला होता.

२ फेब्रुवारी, रविवार

‘वादळ रायडर्स’ या ग्रुपमध्ये दाखल झालो. कॅप्टन दातांचा डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघतो, रविवारी रस्त्याकडे. माझी गाडी पाहून म्हणाला, छान ठेवलीय, अगदी नवी वाटते. त्याला म्हटलं, जपून वापरतो.

इथल्या पद्धती मला फार आवडल्या. पहिली पूर्ण राइड झाली की ग्रुप तुम्हाला नाव देतो. कर सल्लागार आहे त्याचं नाव लांडगा. एक होमिओपॅथ आहेत, इतके हळू बोलतात की पुढे वाकून ऐकावं लागतं, त्यांचं नाव चक्रीवादळ. ‘वाघ’ मोकळं आहे का, म्हणून सहज विचारून ठेवलं. कॅप्टन म्हणाला, नाव मागायचं नसतं, ते मिळतं. म्हणजे मोकळं आहे.

दुसरी पद्धत सलामीची. समोरून दुसरा रायडर आला की हात बाजूला काढून दोन बोटं दाखवायची. ओळख असो नसो. याला म्हणतात भाऊबंदकी. (नाही. भाऊबंदकी वेगळी. बंधुभाव.)

तिसरी मार्करची. वळण आलं की कॅप्टनच्या मागचा रायडर तिथे थांबतो आणि हात लांब करून मागच्यांना रस्ता दाखवतो. सगळे पुढे जातात. सर्वांत शेवटी जो असतो त्याला झाडू म्हणतात, कारण तो रेंगाळलेल्यांना गोळा करत येतो. त्याचं जाकीट नारिंगी. झाडू आला की मार्करनं निघायचं. झाडू येईपर्यंत मार्करनं जागा सोडायची नाही, आकाश कोसळलं तरी. नियम एवढा एकच, पण तो मोडला तर मागचे चुकतात. कॅप्टननं हे सांगताना माझ्या अंगावर काटा आला. आमच्या कारखान्यात अशी शिस्त असती तर आज मी कूलरशेजारी नसतो.

एप्रिलच्या शेवटी जोडी राइड असते. प्रत्येकाच्या मागे त्याची बायको, किंवा ती पुढे असेल तर मागे नवरा. त्याआधी एक दिवसभराची राइड पूर्ण झालेली हवी.

३ फेब्रुवारी, सोमवार

हिला जोडी राइडचं सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळ्या घड्या झाल्यावर म्हणाली, तू एक अख्खी राइड कर, त्याच गाडीवर बसून, न पडता घरी ये. त्याच दिवशी मला इथून टेकडीपर्यंत एक चक्कर मारून आण. जमली तर येते जोडी राइडला.

म्हणजे हो म्हणाली. मी उठून आत गेलो, कारण चेहरा आवरेना.

लगेच हिच्यासाठी रायडिंगचं जाकीट मागवलं. काळं, पाठीला आणि कोपराला संरक्षण असलेलं. माझ्यासाठीही मागवलं. माझ्या मापाचं ‘एक्स्ट्रा लार्ज’ संपलं होतं, तेव्हा लार्ज घेतलं. एप्रिलपर्यंत पोट जाईल.

ठराव: पोट.

९ फेब्रुवारी, रविवार

ऑफिसला जायचा असा रस्ता शोधलाय ज्यात एकही उजवं वळण नाही. डावीकडे, डावीकडे, सरळ, डावीकडे, पूल, डावीकडे. लांब पडतो, पण क्रूझर घाईसाठी नसतेच. यू टर्नला मला फक्त मैदान लागतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सलामीचा सराव. समोरून पहिला रायडर आला तेव्हा हात काढला आणि गाडी फुटपाथचं दर्शन घेऊन आली. दुसऱ्याला मानेनंच केली. तिसऱ्याला मात्र झोकात, दोन बोटं, अगदी शोरूमच्या पोस्टरमधल्यासारखी. तो करकचून ब्रेक दाबून थांबला. पार्सल पोहोचवणारा होता, मला पत्ता हवाय असं त्याला वाटलं. मग त्यानं मलाच एक पत्ता विचारला.

१० मार्च, सोमवार

जाकीट घालून ऑफिसला. चेन वर जात नाही, पण उघडं जास्त रुबाबदार दिसतं. नवा साहेब कूलरवर आला, पेला भरता भरता गाडीबद्दल चौकशी केली. मनापासून करत होता, हे कबूल. मग म्हणाला, माझ्या बाबांनाही रिटायर झाल्यावर हीच हौस लागली.

पाणी पिऊन गेला.

कंबर दुखतेय. बुटांमुळे असावी.

१६ मार्च, रविवार

आज ग्रुपची अर्ध्या दिवसाची राइड होती. गेलो नाही. ढग होते. ओल्या रस्त्यावर जाड टायर कसे घसरतात ते मी हिला समजावून सांगत असताना ही स्कूटरवरून जाऊन वाणसामान घेऊन आली. पाऊस पडलाच नाही. पण पडला असता तर?

२९ मार्च, शनिवार

आज एक गोष्ट पाहिली. बेडरूमचं दार अर्धवट उघडं होतं. ही आरशासमोर जाकीट घालून उभी होती. चेन लावली, कॉलर वर केली, बाजूला वळून पाहिलं. मग हात असे पुढे घेतले, कुणाला तरी धरल्यासारखे, आणि स्वतःशीच हसून पटकन काढून ठेवलं.

मी पाय न वाजवता मागे फिरलो आणि उगाचच खोकत पुन्हा आलो.

पुढच्या रविवारी दिवसभराची राइड आहे. ढग असले तरी जाणार.

६ एप्रिल, रविवार. पहाट

निघतोय. चहा झाला. गाडीचं तोंड बाहेर. हेल्मेटवर कॅमेरा बसवायचाय, तो तिथे गेल्यावर बसवीन. हिला सांगितलं, चारला खाली तयार राहा, आलो की थेट टेकडी. ‘बघू’ म्हणाली. पण जाकीट कपाटातून काढून खुर्चीच्या पाठीला लावलेलं मी पाहिलंय.

वाघ. वाघ. वाघ.

७ एप्रिल, सोमवार

कालचं लिहायचं नव्हतं. पण वस्तुस्थिती नोंदवून ठेवलेली बरी, म्हणजे उद्या कोणी तिखटमीठ लावायला नको.

सकाळी सगळे जमले. निघण्याआधी कॅप्टन सूचना देतो, तशा त्यानं दिल्या. त्या वेळी मी कॅमेऱ्याचा स्क्रू पिळत होतो. सूचना दर वेळी त्याच असतात.

गाडी सुरेख चालली. एकदाही आडवी झाली नाही. शहर संपलं, दोन्हीकडे शेतं लागली, आणि एका चौफुलीवर कॅप्टननं बोट खाली करून मला खूण केली. मार्कर! मी! रस्त्याच्या कडेला गाडी लावली, स्टँड पहिल्याच झटक्यात लागला, इंडिकेटर सगळे चालू ठेवले, आणि डावा हात लांब केला. एकेक जण आला, मला सलामी देऊन डावीकडे वळला. इतकी वर्षं नोकरी केली, पण माझ्या हाताकडे बघून इतके लोक इतक्या बिनबोभाट कधी वळले नव्हते. छाती भरून आली. (जाकीट फारच दाटलं.)

शेवटी चक्रीवादळ आले. माझ्यापाशी येऊन हळू झाले, हॉर्न दिला, मान हलवून ‘चला’ अशी काहीतरी खूण केली. शिष्टाचार म्हणून असेल. मी त्यांना कडक सलामी ठोकली आणि डावीकडे बोट दाखवलं. त्यांनी पुन्हा हॉर्न दिला. मी आणखी जोरात दाखवलं. ते गेले.

आता फक्त नारिंगी जाकीट यायचं राहिलं होतं. मी उभा राहिलो.

बराच वेळ उभा राहिलो. वाटलं, कोणाचं तरी पंक्चर झालं असेल, झाडू त्याच्यासोबत असेल. मागे चहाची टपरी होती. टपरीवाल्या मावशी दोनदा येऊन काही लागलंय का विचारून गेल्या, तिसऱ्यांदा प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. मी बसलो, पण हात खाली घेतला नाही. एक पाण्याचा टँकर माझा हात बघून डावीकडे वळला. थोड्या वेळानं तोच टँकर परत आला, ड्रायव्हरनं खाली उतरून मला काही गोष्टी सांगितल्या, त्या इथे लिहीत नाही. मग हात खाली घेतला.

जागा सोडून जावं असं एकदा मनात आलं, नाही असं नाही. पण त्या चौफुलीवरून सरळ गेलं की दगडाची खाण लागते. मी निघालो आणि मागून झाडू आला, कोणी दिसलं नाही म्हणून सरळ गेला, तर? जबाबदारी कोणाची? फोन करून विचारायचं तर कॅमेरा आणि नकाशा मिळून फोनचा जीव गेलेला. मावशी म्हणाल्या, तुमचे लोक आता काही येत नाहीत. बाहेरच्या माणसाला ही शिस्त कळणार नाही, म्हणून मी वाद घातला नाही.

चार वाजले ते मावशींच्या रेडिओवरून कळलं. ही खाली येऊन उभी राहिली असेल. तेव्हा उठायला हवं होतं. उठलो नाही. अजून पाच मिनिटं, असं म्हणत राहिलो. मनात काय चाललं होतं ते खरं लिहायचं तर असं, की आता उठलो तर इतका वेळ बसलो होतो ते मूर्खासारखं ठरेल. बसून राहिलो तोवर ती शिस्त होती.

उन्हं उतरली तेव्हा उठलो. बटण दाबलं. गाडी नुसती टक् म्हणाली. दिवसभर इंडिकेटर चालू ठेवून बॅटरी उतरली होती.

मावशींनी फोन दिला. मला पाठ असलेला नंबर एकच निघाला. ही ‘कुठे आहेस’ एवढंच बोलली, पण आवाज असा होता की मी चौफुलीचं नावसुद्धा धड सांगू शकलो नाही, मावशींनी सांगितलं.

ही आली, स्कूटरवर. अंगात जाकीट, चेन वरपर्यंत लावलेली.

मला वाटलं होतं ओरडेल. तिनं आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग हेल्मेट काढून माझे दोन्ही हात कोपरापासून चाचपून पाहिले. मग ओरडली. चारला खाली उभी होती ती. काकांनी विचारलं कुठे निघालात, तर फिरायला म्हणून सांगितलं तिनं. हसून सांगितलं. मग साडेचार. मग पाच. वॉचमननं तिलाही खुर्ची आणून दिली. काका खिडकीतून पुन्हा डोकावले तेव्हा तिनं फोनवर बोलायचं सोंग केलं. मग तासभर हॉस्पिटलांना फोन लावत होती. वीस वर्षांत दोनदा मी तुझ्यावर विसंबून उभी राहिले, म्हणाली, दोन्ही वेळा तशीच राहिले उभी.

झाडूचं आणि खाणीचं समजावून सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

क्रूझर टपरीमागे लावून मावशींच्या हवाली केली. मी हिच्या मागे बसलो. स्कूटरचे मागचे पाय ठेवायचे दांडे माझ्या बुटांना पुरेनात, म्हणून पाय लोंबते. हिनं ब्रेक दाबला की माझं हेल्मेट हिच्या हेल्मेटवर आपटायचं. वाटेत समोरून एक क्रूझरवाला आला, रुबाबदार, दाढीवाला. त्यानं दोन बोटं काढली. मी हात काढणार एवढ्यात लक्षात आलं, सलामी हिला होती. हिनंही हात काढला. गाडी तसूभरही हलली नाही.

घरी येऊन फोन चार्ज केला. कॅप्टनचा निरोप. नारिंगी जाकीटवाला सकाळी आलाच नव्हता, आज चक्रीवादळ झाडू, असं सूचनांमध्ये दोनदा सांगितलं होतं म्हणे. चक्रीवादळांनी सगळ्यांना कळवलं की मी मोठी सलामी देऊन त्यांचा निरोप घेतला, बहुधा तिथूनच घरी गेलो असेन. सगळे जेवून दुसऱ्या रस्त्यानं परतले. त्यानंतर मी दिवसभर उभा होतो हे कन्येनं त्यांना कळवलं. (तिला कोणी सांगितलं?)

ग्रुपवर माझं नाव जाहीर झालंय. खांब.

८ एप्रिल, मंगळवार

तसा विचार केला तर खांब वाईट नाही. सगळं छप्पर खांबावरच असतं.

कॅप्टनचा फोन. फार आदरानं बोलला. माझ्याइतका जागा न सोडणारा माणूस ग्रुपला पूर्वी मिळाला नव्हता, म्हणून पुढच्या राइडपासून मी त्या चौफुलीवर कायमचा मार्कर व्हावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. गाडी आणायची गरज नाही, बसनं आलं तरी चालेल. जोडी राइडचं यंदा राहू दे म्हणाला.

विचार करून सांगतो म्हटलं. वाघासारखं नाही, पण ठाम आवाजात.

१० एप्रिल, गुरुवार

क्रूझर टेम्पोतून घरी आली. हिनं खाली उभं राहून ती मागच्या बाजूनं आत घ्यायला लावली. तोंड बाहेर. वर कापड घातलं.

सकाळी बस चुकली. ही म्हणाली, चल सोडते. ही तेच जाकीट घालून निघाली. गार वाऱ्याला बरं पडतं म्हणे. मी साध्या शर्टात. ठराव काही केला नाही.

वाटेत पंप लागला. सीटखाली टाकी, तेव्हा उतरावं लागलं. पेट्रोल भरून झालं, हिनं सीट लावली, बसली, गाडी चालू केली. आणि मी हात पुसत बाजूला उभा. एकदम काय झालं कोण जाणे, वाटलं, आता ही निघणार, आणि ऑफिसपर्यंत मागे कोणी नाही हे हिच्या लक्षातही येणार नाही. इतकं स्पष्ट दिसलं ते. उडी मारल्यासारखा बसलो, सीटची कडा दोन्ही हातांनी धरून.

गाडी हलेना. हिनं मान वळवून विचारलं, बसलास का?

बसलो होतो. सीटची कडा आणखी घट्ट धरली. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. ही तशीच, एक पाय जमिनीवर टेकून, मान वळवून, मी हो म्हणायची वाट बघत थांबली.